पाटीवरचं मानपत्र

"दोन बोटं काचेवर टेकवा आणि नळ पिळल्यासारखी फिरवा," वाघचौरे सर फोनवरून म्हणाले.

"कुठला नळ, सर? आमच्याकडं वरचा घट्ट आहे आणि खालचा गळतो."

"गळणारा. जरा जोरात पिळा."

मी पिळला. मांडीवरचा टॅब म्हणाला, "अक्षरं." पुन्हा पिळला. "शब्द." आणखी एकदा. "ओळी." मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघराकडं तोंड करून प्रतापला हाक मारली. प्रताप माझा नवरा. तो हातात लाटणं घेऊनच धावत आला, कारण त्याला वाटलं मी पडले.

"ओळी म्हणाला! आता ओळीओळीनं वाचून दाखवणार!" मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला आणि पोळी करपली म्हणून परत गेला.

वाघचौरे सरांना मी कधी भेटले नव्हते. ते निफाडला राहायचे, जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं, आणि आमच्यासारख्या लोकांना ते फोनवरूनच हे सगळं शिकवायचे. माझी दृष्टी चाळिशी उलटल्यावर काचबिंदूनं नेली. त्याआधी कराडात कुणाचाही सत्कार असो, पुस्तकाचं प्रकाशन असो, माइकवर मी असायचीच. शैलजाताई निवेदनाला आहेत म्हटल्यावर लोक वेळेवर येतात, असं आयोजक म्हणायचे. ते खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटायचं. डोळे गेले आणि बोलावणी थांबली. कुणी वाईट वागलं नाही. उलट सगळे इतके चांगले वागायला लागले की मला त्यांचा राग यायचा.

मधल्या काळात मी बोलणारा फोन वापरायला शिकले होते. साधा अँड्रॉइड फोन. त्याच्यावर बोट फिरवलं की तो वाचून दाखवायचा. कोपरा काढल्यासारखं बोट वळवलं की मागच्या पानावर जायचा. तो माझ्या हाताला इतका बसला होता की त्याच्याशी भांडतसुद्धा होते. मग एके सकाळी तो ओट्यावरून घसरून खरकट्या पाण्याच्या पातेल्यात गेला आणि कायमचा गप्प झाला. पुण्याहून माझी भाची ऋचा आली आणि तिनं तिचा छोटा टॅब मला देऊन टाकला. पर्समध्ये मावणारा, गुळगुळीत, दुसऱ्या घराण्याचा. इथं बोलणारी बाई वेगळी, खुणा वेगळ्या. मागं जायचं तर दोन बोटांनी काच घासायची. वाचायला लावायचं तर दोन बोटं खाली ओढायची. लग्न होऊन नव्या घरी गेलेल्या मुलीला मिठाचा डबा सापडत नाही, तशी माझी गत झाली. मी दोनदा तो टॅब कपाटात टाकून दिला आणि दोनदा बाहेर काढला.

तो बाहेर काढायला कारण होतं. रेठरेकर बाईंचा अमृतमहोत्सवी सत्कार ठरला होता आणि त्याचं मानपत्र मी वाचायचं होतं.

कुमुदिनी रेठरेकर आमच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मला स्टेजवर पहिल्यांदा त्यांनीच उभं केलं. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. माझ्या पहिल्या भाषणानंतर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "श्वास वाक्य संपल्यावर घ्यायचा असतो, वाक्याच्या पोटात नाही." आणि आता सत्कार समितीचे बाबर सर आमच्या घरी बसून चहा पीत होते आणि कपात चमचा उगाच ढवळत होते.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "समितीत आम्ही दुसरं नाव सुचवलं होतं. सगळं गाव येणार, मंत्र्यांचा निरोप आलाय. ऐनवेळी काही झालं तर..."

"मग घ्या की दुसऱ्याला."

"घेतलं असतं हो! पण बाई म्हणतात, मानपत्र शैलजानं वाचलं तरच मी येते. नाहीतर तुमची शाल तुम्हीच पांघरा."

बाबर सर गेले आणि मी कपाटातला टॅब बाहेर काढला. बाईंनी माझ्यासाठी सगळ्या समितीशी वैर घेतलं होतं. मी चुकले तर मला पुन्हा कुणी माइक देणार नव्हतं, ते मी सोसलं असतं. पण बाईंचा शब्द गावासमोर खाली पडणार होता, आणि ते मला सोसवणार नव्हतं.

मानपत्र मीच लिहिलं होतं. टॅबला तोंडी सांगून सांगून, प्रतापकडून शुद्धलेखन तपासून घेऊन. चष्मा न लावता वाचता यावं म्हणून त्यानं अक्षरं भलीमोठी करून ठेवली होती. वाचायची माझी तऱ्हा अशी, की डाव्या कानात बिनवायरचं इअरफोन घालायचं, टॅबमधल्या बाईनं हळूहळू वाचायचं, आणि मी तिच्या मागोमाग अर्ध्या वाक्याच्या अंतरानं मोठ्यानं म्हणायचं. कानात आलं की तोंडातून गेलं पाहिजे. मध्ये विचार करायला थांबलं की सगळं हुकतं. मी रोज पेपर असा वाचून सराव करायची. एकदा अग्रलेखाच्या ऐन रंगात मी प्रतापला ठणकावून सांगितलं, "बॅटरी वीस टक्के शिल्लक आहे."

"लावतो चार्जिंगला," तो शांतपणे म्हणाला.

शेवटच्या दिवशी वाघचौरे सरांनी मला पडदा शिकवला. तीन बोटांनी काचेवर तीनदा टिचकी मारली की काच काळी होते, पण आत टॅब चालूच राहतो. "आपल्याला उजेडाची गरज नाही," सर म्हणाले. "शेजारच्याला मात्र आपलं वाचायची फार हौस असते. पडदा ओढून बसा खुशाल."

नगरपालिकेच्या सभागृहात संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. बाईंच्या हट्टामुळं माझी खुर्ची स्टेजवर, त्यांच्या अगदी शेजारी होती. त्यांच्या अंगाला नेहमीचा धुतलेल्या सुती साडीचा वास होता. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मंत्र्यांचा निरोप वाचून झाला. मी मांडीवर टॅब उघडला, मानपत्र काढलं, कानातली बाई पहिल्या ओळीवर येऊन थांबली. सगळं जिथल्या तिथं होतं.

"मानपत्र या पाटीत आहे होय?" बाई माझ्याकडं झुकल्या. "बघू तरी, काय काय खोटं लिहिलंयस."

सत्कारमूर्तीनं मानपत्र आधी वाचायचं नसतं. मी घाईघाईनं तीन बोटांनी टिचक्या मारल्या आणि पडदा ओढला. नेमक्या त्याच वेळी टाळ्या वाजल्या, आणि बाबर सर माइकवरून म्हणाले, "आता मानपत्राचं वाचन करतील शैलजाताई."

प्रतापनं येऊन मला माइकपर्यंत नेलं आणि तो खाली पहिल्या रांगेत जाऊन बसला. माइकची उंची मी हातानं पाहिली. घसा साफ केला. दोन बोटं खाली ओढली.

कानात काहीच आलं नाही.

पुन्हा ओढली. काही नाही. मी कानातलं इअरफोन दाबून पाहिलं, काचेवर इकडंतिकडं बोट फिरवलं, नळ पिळला, काच घासली, जेवढं शिकले होते तेवढं सगळं केलं. टॅब दगडासारखा गप्प. सभागृहात आधी कुणीतरी खोकलं, मग खुर्च्या करकरल्या, मग मागून ती ओळखीची कुजबुज सुरू झाली. अरेरे, बिचारी. ती मी दोन वर्षं ऐकत होते.

बाबर सरांचे बूट वाजले. त्यांच्या हातातल्या फ्रेमचा कागद कुरकुरला. मानपत्र छापून, फ्रेम करून तयारच होतं, ते बाईंना द्यायचं होतं.

"ताई, द्या, मी वाचतो यातून," ते हळूच म्हणाले. आवाजात कीव होती आणि थोडी सुटकासुद्धा.

मी बाजूला होणारच होते. तेवढ्यात एक खुर्ची मागं सरकली आणि बाईंचा आवाज आला, "बसा हो बाबर."

सत्कारमूर्तीनं असं मध्येच उठून यायची रीत नाही. बाईंचा हात माझ्या दंडावर आला.

"काय झालं?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

"आवाज गेला."

"कुणाचा?"

"टॅबचा."

"तुझा आहे ना? मग झालं. धर ती पाटी माझ्यासमोर. मी सांगते, तू म्हण."

"बाई, पडदा..."

"चांगली मोठी अक्षरं दिसतायत. म्हण."

म्हणजे पडदासुद्धा पडला नव्हता. पुढं विचार करायला वेळच नव्हता, कारण बाईंनी माझ्या उजव्या कानात अगदी बारीक आवाजात सुरुवात केली होती. "ज्ञानज्योती श्रीमती कुमुदिनी रेठरेकर यांना सविनय अर्पण."

मी माइकमध्ये म्हटलं, "ज्ञानज्योती श्रीमती कुमुदिनी रेठरेकर यांना सविनय अर्पण." माझा आवाज मला परत ऐकू आला आणि बरं वाटलं.

"ज्ञानज्योती कसली डोंबलाची," बाई पुटपुटल्या.

"ज्ञानज्योती कसली डोंबलाची," मी गावाला सांगितलं.

कानात आलं आणि तोंडातून गेलं! मग सभागृह असं काही हसलं की माइकनं शिट्टी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दंडावरचा बाईंचा हात थरथरत होता, आणि तो हसण्यानं थरथरतोय हे मला कळलं. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पकडलं. मी माइकच्या आणखी जवळ सरकले.

"पुढं," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र मी गिळलं.

मग त्या सांगत गेल्या आणि मी म्हणत गेले. "आपण अनेक वर्षं मराठी शिकवलंत. पण आपल्या आधी येऊन वर्ग झाडणारे आणि फळा पुसून ठेवणारे महिपती मामा नसते, तर आपण लिहिलं असतं कशावर?"

हे मी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, 'आपल्या वाणीतून साक्षात सरस्वती प्रकट होत असे.' बाई माझं मानपत्र सुधारत होत्या. निबंधाच्या वहीवर लाल पेन चालवावं तसं, भर सभेत. पण माझं तोंड कानाच्या मागं चाललं होतं, त्याला थांबवता येत नव्हतं.

"आपला आवाज मोठा होता असं सगळे सांगतात. शेजारच्या वर्गातल्या सबनीस बाईंनी त्याची एकदाही तक्रार केली नाही, हे कुणी सांगत नाही." मागच्या बाजूला कुणीतरी म्हातारं माणूस खुदकन हसलं. सबनीस बाईच असणार. "आपल्याला रात्री वह्या तपासता आल्या, कारण घरचा स्वयंपाक आपल्या सासूबाई करत होत्या. त्यांच्या हातचं जेवून आपण त्यांना कधी छान म्हटलं नाहीत. ते आज म्हणायचं राहून जाऊ नये." इथं बाई थोडं थांबल्या. मीही थांबले. "आपण मुलींना फार रागावलात. त्यांनी ते मनात धरलं नाही आणि रस्त्यात दिसल्यावर पायाशी वाकत राहिल्या. हा त्यांचा मोठेपणा. तो आपला नव्हे."

सभागृहात आता कुणी खोकत नव्हतं. नाक ओढल्याचे आवाज मात्र बरेच येत होते.

"शेवटचं," बाई कानात म्हणाल्या. "आज इथं उभ्या असलेल्या आपल्या विद्यार्थिनीला आपण धीर दिला, असं लोक म्हणतील. ते उलटं आहे. तिच्यामुळं आपल्याला धीर आला."

मी पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्याला माझं तोंड पहिल्यांदाच कानाच्या मागं गेलं नाही.

"म्हण," बाई म्हणाल्या. "वाक्य अर्धं सोडायचं नसतं."

"तिच्यामुळं," मी म्हटलं, "आपल्याला धीर आला."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला माहीत नाही. मी माइकची दांडी धरून उभी होते आणि रडत होते. आनंदानं रडत होते हे सांगायला मला कसली लाज नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्हांला स्टेजमागच्या खोलीत बसवलं. बाबर सर फ्रेम घेऊनच आत आले. "बाई, ताई, काय सांगू? असं मानपत्र कराडनं ऐकलं नव्हतं. पण या छापलेल्यात महिपती मामा नाहीत! सबनीस बाईपण नाहीत! मी ओळन् ओळ बोट लावून बघितली."

"बाईंनी वाचता वाचता बदललं," मी म्हटलं.

"वाचता वाचता?" प्रताप म्हणाला. "टॅबचा उजेड तर केव्हाच गेला होता. तू ते 'डोंबलाची' म्हणालीस ना, लोक हसत होते, तेव्हाच स्क्रीन आपोआप बंद झाली. पुढं नुसती काळी काच. बाईंच्या तोंडावरचा उजेड विझलेला मला समोरून दिसला. बाईंच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं."

बाईंनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "बाबर, चहा मिळेल का? आणि प्रताप, तुम्ही त्यांना जरा मदत करा."

दोघं गेले. दार लागलं. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली होती आणि मला ती बसायला नको होती.

"बाई," मी विचारलं, "तुम्हांला काय दिसत होतं?"

"तुझी ती भलीमोठी अक्षरं होती म्हणून पहिली ओळ. तीही मान वाकडी करून, कडेकडेनं. नंतर काळं आहे की पांढरं, तेसुद्धा नीट कळलं नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून वाढलंय. दोन्ही डोळ्यांचं मधलं जातंय. तुझे कान दिसतात, नाक दिसत नाही. आणखी खराब होणार म्हणाले डॉक्टर." मग त्यांच्या नेहमीच्या रोखठोक आवाजात, "घरी अजून सांगितलेलं नाही. पेपर हातात घेऊन बसते. पानं उलटते."

पेपर हातात धरून पानं उलटणाऱ्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मीही तेच केलं होतं, कितीतरी महिने.

"तुला वाटलं असेल, मी तुझ्यासाठी हट्ट धरला," बाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाही गं. मला बघायचं होतं, डोळे गेल्यावर बाई चारचौघांत उभी राहू शकते का. म्हणून तुला तिथं उभं केलं. आणि तुझी ती पाटी बंद पडली तेव्हा तुझ्याआधी माझेच पाय गळाले."

"पण तुम्ही तर उठून आलात."

"मग काय करणार? तू खाली बसली असतीस तर मी कुठं गेले असते?"

मी त्यांचा हात शोधला आणि तो माझ्या गालाला लावला. त्यांनी हात काढून घेतला नाही. आम्ही दोघी तशाच बसलो.

प्रतापच्या फोनवरून मी वाघचौरे सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "ताई, तीनदा टिचकी मारली की पडदा. तुम्ही घाईत दोनदाच मारलीत. दोनदा मारली की बोलणं बंद. तुम्ही पडदा उघडा ठेवलात आणि बिचारीचं तोंड दाबलंत! आमच्यातल्या प्रत्येकाची ही चूक एकदा होतेच." मग मी त्यांना विचारलं की पंचाहत्तरीची एक नवी विद्यार्थिनी घ्याल का, स्वभावानं कडक आहे. ते म्हणाले, "टॅब कुठला आहे?" मी म्हटलं, "माझ्यासारखाच घेऊ."

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आम्हांला अजून बाहेर जायचं होतं. दाराबाहेर बायकांचे आवाज वाढत होते. जुन्या विद्यार्थिनी, कुणी साताऱ्याहून, कुणी इस्लामपूरहून, बाईंच्या पाया पडायला ताटकळल्या होत्या. बाई उठल्या आणि दारापाशी थबकल्या.

"शैलजा," त्या हळूच म्हणाल्या, "मला यातली एकही ओळखू येणार नाही. माझ्याच मुली, आणि मी त्यांना विचारणार, तू कोण म्हणून?"

दोन वर्षांत मला एक गोष्ट चांगली जमायला लागली होती. माणसानं तोंड उघडलं की तो कोण ते मला कळायचं. आणि शाळेच्या दर मेळाव्याला माइकवर मीच असायची, त्यामुळं या सगळ्यांचे आवाज माझ्या ओळखीचे होते. मी बाईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि दार उघडलं.

"बाई, ओळखलंत का?" पहिलीच बाई वाकत म्हणाली.

"निर्मला शिंगटे," मी बाईंच्या कानात म्हटलं. "पोस्टाजवळची."

"निर्मला!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "पोस्टाजवळचं घर विकलंत की आहे अजून?"

ती रडायलाच लागली. इतक्या वर्षांनी बाईंनी नावानिशी ओळखलं म्हणून. तिच्या मागं दुसरी, तिसरी, मग अख्खी रांग. एकेक जण वाकून काहीतरी बोलायची, मी कानात नाव सांगायची आणि बाई ते नाव घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या. रांग संपेपर्यंत आमचं एकही नाव चुकलं नाही.